पावलीएवढी चकती

थंडर बे,
रविवार, १० नोव्हेंबर २०१९

प्रिय सिल्वी,

तू मुलीकडे सुखरूप पोहोचलीस हे रेइनोकडून कळलं. तुझ्याकडून नाही, कारण मला तू फोन केला नाहीस. मी लावला तेव्हा तुझ्या मुलीने उचलला आणि म्हणाली, आई झोपलीये. भर सकाळी तू झोपतेस हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. असो. म्हणून लिहायला बसलोय. लिहिणं माझ्या किती जिवावर येतं ते तुला ठाऊक आहे. सहावीतून बापाने मला उचलून लाकूडतोडीच्या छावणीवर नेलं, त्यानंतर माझ्या हातात पेन्सिल आली ती फक्त लोखंडावर खूण करायला. चुका झाल्या तर हसू नकोस. लेम्पी हसायची, पण ती तुझी बहीण असली तरी माझी बायको होती, तिला चालायचं.

तुझ्या घरी रोज जाऊन येतो. हीटर चालू आहे. स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडून ठेवलाय, म्हणजे पाइप गोठणार नाही. मग घरी आल्यावर वाटतं, धार फार बारीक राहिली की काय, म्हणून परत जातो. मग वाटतं फार मोठी झाली, बिल येईल. खिडकीतलं जिरेनियम जगेल असं दिसतं. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय ते त्याचं त्यालाच माहीत.

चर्चमध्ये उपासनेनंतरची कॉफी आता कोतिलाबाई करतात. वेलचीचा गोड पावही त्याच आणतात. टाउनोने एक तुकडा कॉफीत बुडवला आणि मला म्हणाला, "हा विरघळेपर्यंत वसंत येईल." तुझ्या पावाची आठवण सगळ्यांना येते. कोणी बोलून दाखवत नाही.

त्या डब्याचं तू फार मनाला लावून घेतलंस. दोन शनिवार तू दुकानाच्या दारात बर्फात उभी राहिलीस, लोकांच्या रिकाम्या ट्रॉल्या जागेवर लावून दिल्यास, आणि साखळी लावल्यावर सुटणारी पावली वृद्धाश्रमातल्या वाफेच्या सौनाच्या नव्या शेगडीसाठी डब्यात टाकलीस. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आता बँकेने त्यातल्या मूठमूठभर पावल्या परत पाठवल्या, म्हणाले ही नाणीच नाहीत, नुसत्या स्टीलच्या चकत्या आहेत, तर त्यात तुझा काय दोष? डबा मधल्या दिवसांत तुझ्या घरी होता असं कोतिलाबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या, ते म्हणायचं म्हणून म्हणाल्या. त्यांना बोलायला लागतं. तू उठून जायला नको होतंस. उठून गेलं की लोक उलटा अर्थ काढतात.

मला विचारशील तर खरा दोष त्या दुकानाचा आहे. पावली घातल्याशिवाय ट्रॉली सुटत नाही असं कुलूप घालायची काय गरज? आता सगळे कार्डावर पैसे देतात, कोणाच्या खिशात नाणं असतं? परवाच एक बाई कडेवर पोर घेऊन साखळी ओढत होती. नाणं नाही. आत काउंटरवर सुटे मागायला गेली तर ती पोरगी म्हणते, आधी काहीतरी विकत घ्या, मग सुटे. अहो, विकत घ्यायलाच तर ट्रॉली पाहिजे! बाईने ट्रॉलीला अशी लाथ घातली की ओळीतल्या सगळ्या ट्रॉल्या खडखडल्या. एका म्हाताऱ्याचं नाणं कुलपात गोठून अडकलं, तो त्यावर फुंकर मारत बसला होता, आणि ओठ चिकटतील म्हणून त्याची बायको त्याला मागून ओढत होती. माणसाला असं छळलं की माणूस काहीतरी करणारच. मी आपलं सर्वसाधारण बोलतोय.

कोणी केलं ते देव बघतोय. तू शांत राहा.

माझा गुडघा तसाच आहे.

तुझा भाऊजी,
आर्वो

ता. क. मलाही विचारलं त्यांनी मीटिंगमध्ये. मी काय सांगणार.


थंडर बे,
रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय सिल्वी,

तुझं कार्ड मिळालं. वर चित्रात तळं आहे, छान आहे. मागे तू लिहिलंयस: "भाऊजी, नळ बंद करा. घर विकायला काढतेय. रेइनोच्या मुलाशी बोलणं झालंय." एवढंच. माझ्या तब्येतीचं काही नाही, तुझ्या तब्येतीचं काही नाही. मी ते उलटसुलट करून पाहिलं, आणखी कुठे काही लिहिलंय का म्हणून.

घर का विकतेस? त्या घरात तुझा संसार झाला. मागच्या पायऱ्या मी आणि तुझ्या नवऱ्याने मिळून घातल्यात. एका डब्यापायी माणूस गाव सोडतं का? रेइनोचा मुलगा येऊन फोटो काढून गेला. मला म्हणाला, "काका, नळ का चालू आहे?" मी म्हटलं, "तुला घरातलं काय कळतं, तू घरं विकतोस."

नळ मी बंद केलेला नाही.

तू मीटिंगमधून गेल्यावर काय झालं ते तुला कोणीतरी सांगितलंच असेल, आणि ज्याने सांगितलं त्याने मीठमसाला लावून सांगितलं असेल, म्हणून मीच लिहितो. पाळकबाईंनी एक चकती बशीत ठेवून सगळ्यांकडे फिरवली. त्यांनी कोणावर आरोप केला नाही, त्या चांगल्या आहेत, तरुण असल्या तरी. बशी माझ्यापाशी आली तेव्हा कोतिलाबाई म्हणाल्या, "आर्वोला विचारा. कागदगिरणीत जन्मभर लेथवर होता तो. तो सांगेल ही कुठून आली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुला माहीत आहे, सगळे बघायला लागले की माझं काय होतं. मी चकती उचलली, उजेडाकडे धरली. म्हणालो, "हा कारखान्याचा माल दिसतो. खोक्यांनी विकत मिळतो."

एवढंच म्हणालो. तुझं नाव घेतलं नाही. कोतिलाबाईच म्हणाल्या, "म्हणजे कोणीतरी खोकं विकत आणून डब्यात ओतलं आणि खऱ्या पावल्या काढून घेतल्या." त्यावर मी काही बोललो नाही. मी हो म्हणालो नाही, हे लक्षात घे.

चकती तशी चांगल्या कामाची आहे. कड बोटाला लागत नाही. जाडी अगदी बरोबर, नाही तर कुलूप घेतच नाही, कळ मध्येच अडते. आधी तिला कोणीतरी किल्ल्यांच्या कडीत अडकवायला भोक ठेवून बघितलं असेल, मग भोक अडकतं म्हणून ते काढलं असेल. मी अंदाजाने सांगतोय.

गेल्या रविवारी एक गंमत झाली. कॉफी चालू असताना मी उभा राहिलो. पाय आखडले होते. पण मी उभा राहिलो म्हणून सगळे गप्प झाले, पाळकबाईंनी कपसुद्धा खाली ठेवला. आणि मी म्हणालो, "कॉफी आज चांगली झालीये." कोतिलाबाईंचा चेहरा असा फुलला! लग्नात फुलला नसेल. नंतर त्यांनी मला उरलेला अख्खा पाव बांधून दिला. तो अजून टेबलावर आहे. मी खाऊ शकत नाही. कडक आहे म्हणून नाही.

घराचं एवढ्यात ठरवू नकोस. नाताळपर्यंत थांब. मला थोडा वेळ दे.

तुझा भाऊजी,
आर्वो


थंडर बे,
रविवार, ८ डिसेंबर, सकाळ

सिल्वी,

आज कॉफी प्यायच्या आधीच लिहायला बसलो, म्हणजे कॉफीच्या निमित्ताने उठता येणार नाही. परवा फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेणबत्त्या खिडकीत लावल्या. तुझ्याही खिडकीत दोन लावल्या, घर अंधारात दिसू नये म्हणून. विझेपर्यंत तुझ्या स्वयंपाकघरात बसून होतो.

चकत्या मी केल्या.

ते आता लिहून झालं. बाकीचं सांगतो.

लेम्पीचे उपचार चालू होते त्या हिवाळ्यात ती एकटीच दुकानात गेली. मी म्हणालो होतो मी येतो, ती म्हणाली तू बटाटे चुकीचे घेतोस. तिच्याकडे पावली नव्हती. काउंटरवर त्यांनी सुटे दिले नाहीत. तिने बटाट्याची पिशवी छातीशी धरून सगळी खरेदी केली, तशीच बसने आली. दारात उभी राहिली तेव्हा चेहरा या कागदासारखा पांढरा. मी शेडमध्ये गेलो, स्टीलचा पत्रा घेतला, पावलीच्या मापाची चकती कापली, कानशीने कड घासली. संध्याकाळी तिच्या हातात ठेवली. ती हसायला लागली. म्हणाली, "आर्वो, ही ट्रॉली नाणं गिळत नाही रे. परत देते. परत मिळणाऱ्या जागी खोटं कशाला घालायचं?"

तिने ती कोटाच्या खिशात ठेवली, पण वापरली कधीच नाही.

ती गेल्यावर मला हात रिकामे ठेवता येईनात. मी चकत्या कापत राहिलो. रेइनोला दिली, टाउनोला दिली, मग त्यांच्या शेजाऱ्यांना, भावांना. लोक शेडमध्ये यायला लागले. "आर्वो, माझ्या सुनेला एक दे." कॉफी घेऊन यायचे, बसायचे. एकही सेंट मी कोणाकडून घेतला नाही. मला वाटायचं मी लोकांच्या उपयोगी पडतोय. पण दुकानाच्या दारात तुला माहीत आहे काय चालतं. एक जण ट्रॉली परत न्यायला निघाला की दुसरा म्हणतो, "थांबा, ही घ्या पावली, ट्रॉली मलाच द्या." मग ज्याच्या ट्रॉलीत चकती त्याला खरी पावली मिळते, आणि ज्याने खरी दिली त्याच्या वाट्याला शेवटी चकती येते. माझ्या चकत्या अशा अनोळखी लोकांच्या खिशात गेल्या. मला दिसत होतं. मी म्हणायचो, पावलीच तर आहे.

मग तू दारात उभी राहिलीस.

पहिल्या शनिवारी मी ट्रॉली घेऊन बाहेर आलो तेव्हा तुझ्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. हातात लेम्पीने विणलेले जाड मोजे, त्यात बोटांना काही कळणार नाही असे. तू म्हणालीस, "भाऊजी, द्या इकडे, मी लावते. लेम्पीच्या सौनासाठी." तुला ठाऊक होतं की शेवटच्या हिवाळ्यात ती वृद्धाश्रमात होती तेव्हा तिथली शेगडी बंद पडली होती. तिने रोज विचारलं, आज पेटवली का? आणि ती सौनाशिवाय गेली. मी तिचे पाय गरम पाण्याने पुसायचो, तर ती म्हणायची, पाय ठीक आहेत, पण पाठीला वाफ हवी रे.

त्या कुलपात माझी चकती होती. खऱ्या पावल्या माझ्या खिशात होत्या. नुसता हातमोजा काढायचा होता. मागे कोतिलाबाई त्यांची ट्रॉली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "काय आर्वो, पावलीसाठी जीव अडकला का?" सगळे हसले. आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "ठेव, ठेव. पावली राहू दे." तू माझ्या बाहीला हात लावलास. म्हणालीस, "लेम्पीला बरं वाटलं असतं."

दुसऱ्या शनिवारी मी खरी पावली वेगळी काढून निघालो होतो. खरं सांगतो. पण कुलपापाशी आल्यावर बोटं सवयीने चकतीकडेच गेली, आणि लक्षात आलं तोवर साखळी सुटली होती. बाहेर आलो तर तू सगळ्यांना सांगत होतीस, "बघा, माझे भाऊजी परत आले." त्यानंतर मी काय बोलणार होतो?

आणि मी एकटाच नाही. रेइनोने दिली, टाउनोने दिली, आमच्यातल्या सगळ्यांनी दिली, प्रत्येकाने हात उंच करून "ठेव, ठेव" म्हणत. मीटिंगमध्ये कोतिलाबाई तुझ्या घरच्या डब्याबद्दल बोलल्या तेव्हा आम्ही सगळे म्हातारे आपापले बूट बघत होतो. तू मान वर करून बघितलं असतंस तर तुला तिथेच कळलं असतं. पण तू रडत होतीस.

मीटिंगनंतर रेइनोच्या गाडीत बसलो. तो म्हणाला, "चकती तुझी. तू बोल."

"टाकली कोणी? तूही टाकलीस."

"मी पावली समजून टाकली."

"मी माझ्या हाताने तुझ्या हातात दिली होती, आणि तू पावली समजलास?"

टाउनो मागच्या सीटवरून म्हणाला, "माझ्या बायकोला कळलं तर ती मला सौनात घालून बाहेरून कडी लावेल." आम्ही हसलो. सिल्वी, आम्ही हसलो. तू आधीच उठून निघाली होतीस, पण पायी, अजून वाटेतच होतीस, कोणी तुला गाडीतून सोडायला आलं नाही. आमच्या गाडीत एक जागा रिकामी होती. आम्ही तुझ्या शेजारून गेलो. तू मान खाली घालून चालत होतीस, म्हणून तुला दिसलो नाही. मी काच खाली केली नाही.

या सगळ्यात मला तेच जास्त लागतं. चकत्या रागाने केल्या, "ठेव" म्हणालो ते लाजेने. पण "खोक्यांनी विकत मिळतो" हे मी विचार करून म्हणालो. चकती हातात होती, माझी होती, माझ्या कानशीची रेघ तिच्यावर मला दिसत होती. मला त्या क्षणी कळत होतं की मी असं बोललो तर लोकांची नजर ज्याच्या घरी डबा होता त्याच्याकडे जाईल. ते कळत असून बोललो. मी तुझं नाव घेतलं नाही असं मी तुला मागच्या पत्रात ऐकवलं. नाव घेण्याची गरजच ठेवली नव्हती मी.

शेगडीचे पैसे मी पाळकबाईंच्या हवाली करणार आहे. पण ते सोपं काम आहे, त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

मागच्या वेळी उभा राहून कॉफीचं कौतुक केलं, तेव्हा मला कळलं की माझ्या तोंडाचा भरवसा नाही. म्हणून आज शेडमधला पत्र्याचा डबा बरोबर घेतोय. त्यात उरलेल्या चकत्या आहेत, अर्धवट कापलेला पत्रा आहे, आणि ती कानस. उपासना संपली की तो कॉफीच्या टेबलावर, कोतिलाबाईंच्या पावाच्या शेजारी, उघडून ठेवणार आहे. माझ्या तोंडून शब्द फुटले नाहीत तरी डबा तिथे असेल. कोतिलाबाई विचारतीलच, हे काय? त्यांना विचारायला लागतं. आज मला त्यांचा आधार आहे, बघ.

रेइनोला आणि टाउनोला मी काही सांगितलेलं नाही. त्यांचं त्यांनी बघावं. त्यांची नावं मी घेणार नाही. तुझं मात्र घेईन, मोठ्याने घेईन. सिल्वीने एकाही पावलीला हात लावलेला नाही, असं म्हणेन. तेवढं वाक्य मी सकाळपासून घोकतोय. शेडमध्ये जाऊन मोठ्याने म्हणून पाहिलं, बाहेर आलं तोंडातून.

तरी मला माझी भीती वाटते. म्हणून असं ठरवलंय. चर्चच्या वाटेवर औषधांच्या दुकानापाशी टपालाची लाल पेटी आहे. हे पत्र आधी तीत टाकायचं, मगच चर्चकडे वळायचं. चर्चच्या दारातून मी माघारी आलो तरी हे पत्र तुझ्याकडे निघालेलं असेल, आणि तू ते पाळकबाईंना दाखवू शकतेस, कोतिलाबाईंना दाखवू शकतेस, पाहिजे तर चर्चच्या फळ्यावर लाव. ट्रॉलीच्या कुलपात घातलेलं परत हातात येतं. त्या पेटीतून काही परत येत नाही.

तू क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. रागाव, फोनवर येऊन माझ्यावर ओरड, चालेल. पण घर विकू नकोस. लोकांची मान खाली जायला हवी तिथे तुझी गेली, आणि ज्याची जायला हवी होती तो तुझ्या घराची किल्ली घेऊन तुझ्या जिरेनियमला पाणी घालत होता. जिरेनियमला एक कळी आलीये. ते आधी लिहायला हवं होतं, तुला आवडलं असतं.

तू सांगितलंस नळ बंद करा. मी केला नाही. धार बारीक सोडलेली आहे, मी रोज बघतो. तू येईपर्यंत बघेन, आणि तू आलीस की किल्ली दाराशी ठेवून जाईन, समोर येणार नाही.

भाऊजी म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी आज तसं लिहीत नाही.

ज्याने चकत्या केल्या तो,
आर्वो नीमेला